बाबांची बंदूक, परदेशातला भाऊ: शस्त्र परवाना वारसाच्या नावावर कसा करावा

बाप गेला की सात-बारावर नावं चढवायची घाई सगळ्यांना असते. बंदुकीची आठवण येते ती थेट निवडणूक लागल्यावर, ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा निरोप आला की. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आमच्या गावांत पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुका आजोबांच्या काळापासून आहेत. त्याच घरांतली लेकरं आता मस्कतला नाहीतर टोरांटोला नोकरीला आहेत. घरचं एक आणि भावकीतली सात-आठ अशी प्रकरणं मी स्वतः हाताळली, म्हणून सांगतो.

आधी बंदूक जमा करा

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार कुणालाच उरत नाही, आईलाही नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. ‘भाऊ दिवाळीत आला की बघू, तोवर पेटीत राहू दे’ हा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. त्यांचं ऐकू नका. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्या पेटीच्या मालकावर दाखल होतो, सल्ला देणाऱ्यावर नाही. तेरवीची वाट न पाहता मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन ठाण्यात जा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहिलाय ना, हे वाचल्याशिवाय तिथून हलू नका.

नाव कुणाचं लावायचं

जो वावरात राहतो, रात्री पीक राखायला जागलीला जातो, त्याचं. माझं मत याबाबत पक्कं आहे. थोरला आहे म्हणून परदेशातल्या भावाचं नाव पुढे करणं म्हणजे बंदूक कायमची ठाण्यात ठेवणं. पोलीस चौकशी, वैद्यकीय तपासणी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण ही कामं दुसऱ्याच्या अंगाने होत नाहीत. शिवाय ठासणीची बंदूक मिळते ती प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी. मस्कतला बसून रोही (नीलगाय) कोण हाकलणार?

वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलंही त्यातच मोजलं जातं, हे आधी तपासा. बहीण-भावाने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांच्या नावाचा विचारच सोडा. परदेशी पर्यटकाला शस्त्र सोबत आणण्याची कायद्यात जी सवलत आहे, ती फक्त खेळासाठी आणि सहा महिन्यांपर्यंत राहणाऱ्यांसाठी आहे. शेतीच्या बंदुकीला ती वाट नाही.

परदेशातली सही

बाकीच्या वारसांची ना-हरकत मागितली जाते आणि गाडी इथेच रुतते. माझीही रुतली. धाकट्याने मस्कतहून कोऱ्या कागदावर संमती लिहिली, सही केली, फोटो पाठवला. मी त्याची रंगीत प्रिंट काढून अर्जाला जोडली. प्रकरण साडेचार महिने पडून राहिलं आणि एका ओळीची त्रुटी घेऊन परत आलं: मूळ प्रत नाही, सही करणाऱ्याची ओळख पटवलेली नाही. मग त्याने घाईत तिथल्या नोटरीचा शिक्का मारून कागद पाठवला. तोही परत आला. तोवर रोह्यांनी धुऱ्याकडची तूर शेंड्यापासून खाऊन टाकली होती.

भाऊ भारतीय नागरिक असेल तर त्याने भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन जावं. कागद न्यायचा तो सही न केलेला, कारण सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. घरून सही करून गेलेल्याला परत पाठवतात. सोबत मूळ पासपोर्ट हवाच. नागरिकत्व बदललं असेल तर तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर त्या देशाच्या सरकारी कार्यालयाचं अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून जोडलेलं प्रमाणपत्र), एवढं पुरतं. त्यासाठी तो देश अपोस्टीलच्या करारात असावा लागतो. भारत त्यात २००५ पासून आहे, कॅनडा मात्र ११ जानेवारी २०२४ पासून. म्हणून कॅनडातल्या बहिणीला कुणी त्याआधीची रीत सांगत असेल तर ती जुनी समजा.

कागदावर काय लिहायचं, यात लोक सर्वांत जास्त फसतात. ‘वडिलांच्या सर्व मिळकतीवरचा हक्क सोडतो’ असं कधीच लिहून घेऊ नका. एका बंदुकीपायी भावाच्या मनात जमिनीची शंका शिरते, आणि ती शंका रास्त असते. जमिनीचं हक्कसोडपत्र वेगळं असतं, त्याची नोंदणी वेगळी असते. इथे फक्त बंदुकीचा प्रकार, क्रमांक, वडिलांचा परवाना क्रमांक आणि परवान्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) लिहा. ‘हे शस्त्र अमुक भावाच्या नावे होण्यास माझी हरकत नाही, मला स्वतःला परवाना नको’ एवढी दोन वाक्यं बास. मी मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच कागदावर समोरासमोर घेतो, म्हणजे तिथलाही अधिकारी वाचू शकतो आणि इथलाही.

संमतीपत्राऐवजी मुखत्यारपत्र आलं असेल तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. कुरिअरचा लिफाफा जपून ठेवा, पोहोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.

अभयारण्याजवळ राहत असाल तर

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. वारसाचं प्रकरणही तिकडे पाठवलं जाऊ शकतं, म्हणून गावाचं अंतर अर्जात स्वतःहूनच लिहा. आणि परवाना हातात आला म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक मिळाली, असं समजू नका. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

बाकीचं

अर्ज ऑनलाइन भरा, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्या, ठाणेदाराने बोलावलं की जा. नकार मिळालाच तर लेखी कारणं मागा, कलम १४ प्रमाणे ती नोंदवावीच लागतात.

तुमच्याच नावावर बंदूक आहे आणि तुम्ही परदेशी निघालात?

तिकिटाच्या आधी बंदूक जमा करा. वडिलांच्या हाती किल्ली देणं म्हणजे परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र देणं. परवाना पाच वर्षांचा असतो. तुमच्या गैरहजेरीत मुदत संपत असेल तर नूतनीकरणाचं निघण्यापूर्वीच बघा. काडतुसाची बारा बोअर बंदूक असणाऱ्यांनी बॅगेचे आणि जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून पाहावेत. विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात.

वडील हयात असतील तर

२०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ वाचा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो स्वतःच वारस सुचवू शकतो. आमच्या बाबांचं दोन्ही पूर्ण झालं होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. तुमचे वडील त्यात बसत असतील तर यंदा भाऊबीजेला सगळे घरी आले की त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन भावंडांच्या सह्या इथेच करून घ्या.