गाडी स्टार्ट होते पण पुढे सरकत नाही? रेस देण्याआधी हे बघा

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे बिल्डिंगखाली उभी राहते, मग कधीतरी स्टार्ट केली की इंजिन लगेच लागतं, फर्स्ट टाकून क्लच सोडला की गाडी मागून थोडी खाली बसते, आणि इंजिन बंद. मुंबईत आणि कोकणात तर दरवर्षी कुणा ना कुणाचं हे होतंच आणि बहुतेक जण काय करतात तर रेस वाढवून गाडी जबरदस्तीने ओढायला बघतात. प्लीज ते करू नका. ब्रेक सोडवणं हे साधं काम आहे, पण त्याच्यापायी क्लच प्लेट जळाली तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि तो खर्च कुठल्या कुठे जातो.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची, गाडीला कोणीतरी धरून ठेवलंय की इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचतच नाहीये. क्लच सोडल्यावर इंजिन दबतं, बंद पडतं म्हणजे ताकद पोचतेय, चाक अडलंय. इंजिन मस्त फिरतंय, रेस दिली की आवाज वाढतो पण गाडी ढिम्म, तर मामला क्लच, गिअरबॉक्स किंवा ड्राईव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा). खात्री करायची तर सपाट जागेवर चावी ऑन करून गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक खाली आणि दोघांनी मिळून ढकला. छोटी गाडी सहज सरकायला पाहिजे. उतारावर हा प्रयोग अजिबात नको. आणि हो, ढकलायच्या आधी एक चक्कर मारून चारही टायर बघा, वॉचमनने किंवा घरच्याच कोणीतरी चाकाखाली वीट लावून ठेवलेली असते, आत ब्रेक पेडलखाली मॅट अडकलेलं असतं, हे सुद्धा होतं.

ढकलून हलली नाही तर पहिला संशय मागच्या चाकांवर. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा गोल डबा, असतो बिडाचा. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे, ड्रमला घट्ट दाबलेले राहतात, मध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. मग लिव्हर खाली केला तरी काही उपयोग नाही. कधी केबलच कव्हरमध्ये गंजून अडकते, लिव्हर खाली गेलेला दिसतो पण केबल मागे येत नाही.

चिकटलेलं असेल तर आधी हँडब्रेक आठ-दहा वेळा वर-खाली करा, ब्रेक पेडल पण दाबून सोडा, मग रिव्हर्स टाकून हलकेच क्लच सोडा, परत फर्स्ट, परत रिव्हर्स. रिव्हर्स आधी का, तर ड्रममधला एक लायनर पुढच्या दिशेने फिरताना आपोआप अजून घट्ट चावतो, मागे जाताना तो ढिला पडायचा चान्स असतो. म्हणूनच काही गाड्या मागे सरकतात पण पुढे नाही. सुटताना मागून चांगला जोरात ठक्क आवाज येतो, घाबरू नका. पण त्यानंतर चाकातून खडखड येत राहिली तर लायनर पट्टीपासून उखडून ड्रममध्ये मोकळा फिरतोय असं समजा आणि गाडी तिथेच थांबवा.

दोन-तीनदा करून नाही सुटलं तर चाक काढायचं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी फर्स्टमध्ये, हँडब्रेक खाली, नट जमिनीवरच थोडे ढिले करून मग जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी. ड्रमच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने फिरवत फिरवत ठोका. आत गंज सोडवायचं ऑईल मारू नका, लायनरला तेल लागलं की ब्रेक गेला. धूळ पण तोंडाने फुंकू नका, ती फुप्फुसात जाते.

मागची मोकळी असतील तर पुढे या. हँडब्रेक ओढा, मागे दगड, गाडी न्यूट्रल, एक पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. थोडं जड फिरेल ते चालतं, पण अजिबात फिरत नसेल तर कॅलिपरची (पुढच्या ब्रेकची डिस्क पकडणारा चिमटा) पिन किंवा पिस्टन जाम आहे, नाहीतर ब्रेकचा होज पाईप आतून सुजलाय, तेल जाताना जातं पण परत येत नाही. हे ओळखायला ब्लीडर निपल (ब्रेकचं तेल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासं ढिलं करतात, तेलाची पिचकारी उडून चाक सुटलं तर प्रेशर अडकलंय. हे काम मात्र मेकॅनिकलाच करू द्या, नंतर एअर काढावी लागते. चारही चाकं एकदम धरली असतील तर मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर चारही चाकांना ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) बघायला सांगा.

आता ढकलून गाडी आरामात सरकली तर. हँडब्रेक ओढून थर्ड टाका, क्लच हळू सोडा, इंजिन बंद पडायला पाहिजे. चालूच राहिलं आणि जळका वास आला तर क्लच प्लेट संपली, परत परत करून बघू नका. वास नाही, पण गिअर टाकल्यावर स्पीडोमीटरचा काटा वर चढतोय आणि गाडी जागेवरच, तर ड्राईव्ह शाफ्ट तुटलाय किंवा निसटलाय.

एएमटीवाल्यांनी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) एक लक्षात ठेवा. 2014 ला सेलेरिओ आली तेव्हापासून या गाड्या भरपूर झाल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पी, म्हणजे पार्किंगची वेगळी पोझिशन, नसतं, गिअरमध्येच पार्क करतात. बॅटरी उतरली की ती न्यूट्रलला जात नाही, मग चार जणांनी ढकलली तरी हलणार नाही. ब्रेक शोधत बसू नका, बॅटरी जोडा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं पण तेच, करंट नसेल तर सुटत नाही.

गाडी सुटल्यावर लगेच हायवेला नेऊ नका. दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, थांबा, आणि रिमला हात न लावता प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादंच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ते अजून धरतंय, ड्रम उघडून साफ करून घ्या. आणि पुढच्या वेळी गावाला जाताना सपाट जागेवर फर्स्ट टाकून, चाकाला पुढून-मागून दगड लावून हँडब्रेक खालीच ठेवा.