बाळाच्या बाप्तिस्म्यावरून घरात वाजलंय? मग जुने पुरावे असे वाचा

आमचं बाळ तीन महिन्यांचं झालं आणि आईने विषय काढला, बाप्तिस्मा कधी करायचा, त्यावर मेव्हणा म्हणाला आत्ता कशाला, मोठा होऊन त्याला कळेल तेव्हा घेईल की तो. आम्ही सीएनआयवाले म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियातले, बायकोचं माहेर विश्वासणाऱ्यांच्या मंडळीतलं, जिथे मोठेपणी स्वतः विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा घेतात, पुण्यात अशी मिक्स घरं काही कमी नाहीत. आणि गंमत म्हणजे दोघंही छातीठोकपणे सांगतात की पहिल्या मंडळीत आमच्यासारखंच होतं! म्हणून मीच वाचायला बसलो, तुमच्याकडेही हेच चालू असेल तर असं वाचा.

बायबलपासून सुरू करा पण तिथे अडकून बसू नका. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये लुदियाच्या घरच्यांचा बाप्तिस्मा आहे, त्याच अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरचा, 1 करिंथ 1:16 मध्ये स्तेफनाच्या घरच्यांचा. त्या घरांत तान्हं बाळ होतं का? लिहिलेलंच नाही. आई म्हणणार घर म्हटलं की पोरंबाळं आलीच, मेव्हणा म्हणणार दाखव कुठे लिहिलंय. इथे रात्र घालवलीत तरी निकाल लागत नाही, पुढे चला.

यापुढे प्रत्येक जुन्या लेखकाला दोनच प्रश्न विचारायचे. तो काय चालू आहे ते सांगतोय की काय व्हायला हवं ते? आणि भांडण "करावा का" याचं आहे की "कधी करावा" याचं?

तर्तुलियन हा सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक घ्या, मेव्हण्याचा हुकमी एक्का. कार्थेज हे आजच्या ट्युनिशियातलं शहर, साल साधारण 200. तो बाप्तिस्म्यावरच्या लेखात म्हणतो लहान मुलांची घाई करू नका, शिकण्याच्या वयात येऊ देत, ज्याच्या हाती आपण जगातली मालमत्ता देत नाही त्याच्या हाती स्वर्गातली का द्यायची. शिवाय बाळाच्या वतीने वचन द्यायला जे गॉडफादर उभे राहतात तेच मेले, किंवा पोरगं बिघडलं, तर दिलेल्या वचनाचं काय? आता हा माणूस विरोधात आहे हे खरं, पण आपल्याकडे गेटवर "येथे गाडी लावू नये" अशी पाटी कधी लागते? कोणीतरी रोज गाडी लावत असतं तेव्हाच. म्हणजे कार्थेजमध्ये 200 च्या सुमारास पोरांचे बाप्तिस्मे होत होते, आणि "बालकांना माझ्याकडे येऊ द्या" हे येशूचं वाक्यही पुढे केलं जात होतं कारण तो त्याला उत्तर देतोय. अजून एक बघा, तो बाळाचा बाप्तिस्मा खोटा म्हणत नाही, थांबा म्हणतो, आणि थांबायला अविवाहितांनाही सांगतो! हे मेव्हण्याला वाचून दाखवलं तर तो बराच वेळ गप्प होता.

लगेच आईच्या बाजूचं वाचा. त्याच गावात पन्नासेक वर्षांनी, 253 च्या आसपास, तिथला बिशप सिप्रियन आणि 66 बिशप बसले कारण फिडस नावाच्या बिशपचं म्हणणं होतं की ज्यूंच्या सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबावं. सभेने सांगितलं तेवढंही थांबायची गरज नाही, देव वय बघत नाही. दुसरा प्रश्न इथे लावा: करावा की नाही हा मुद्दाच नव्हता, भांडण आठ दिवसांचं!

तिसऱ्या शतकातला विद्वान ओरिजेन तर म्हणतो ही रीत प्रेषितांपासून, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपासून आलेली आहे. आई खूश. पण बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरच्या ज्या भाष्यात हे येतं ते आपल्याकडे मुख्यतः रुफिनसच्या नंतरच्या लॅटिन भाषांतरातून आलंय, त्यामुळे सगळा भार त्या एका वाक्यावर टाकू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदा सुरू झालं म्हणजे मग सगळीकडे तेच, असं धरून चालणं. चौथ्या शतकात चांगली भाविक घरं पुढे ढकलत होती, कारण बाप्तिस्मा एकदाच, नंतरच्या पापाचं प्रायश्चित्त भारी. सम्राट कॉन्स्टंटाईनने 337 मध्ये मरणाच्या दारात घेतला. पुढे मोठा बिशप आणि लेखक झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका एवढी प्रार्थना करणारी बाई, तरी पोरगं आजारी पडलं तेव्हा तयारी केली आणि बरं वाटल्यावर परत पुढे ढकललं, शेवटी 387 मध्ये मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला. ग्रेगरी नाझियान्झस हा बिशप 381 च्या सुमारास मधला मार्ग सांगतो, तीनेक वर्षांचं होऊ द्या, जिवाला धोका असेल तर मात्र लगेच.

आणि गंमत बघा, पुढे हाच ऑगस्टीन, माणूस जन्मतः पापी नसतो असं शिकवणाऱ्या पेलाजियसच्या बाजूच्या लोकांना विचारतो की बाळाने पाप केलंच नसेल तर पापक्षमेचा बाप्तिस्मा कशाला? बाळांना बाप्तिस्मा द्यावा हे पेलाजियसलाही मान्यच होतं, म्हणून तर हा प्रश्न बोचतो. माझं मत विचाराल तर रीत आधी होती, तिचं पक्कं कारण नंतर बसवलं गेलं. 418 च्या कार्थेजच्या सभेने नवजात बाळाचा बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांना मंडळीबाहेरच ठरवलं.

एवढं वाचून झालं की घरातल्यांना एकत्र बसवा, जेवणानंतर, आधी नको. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आमच्याकडे कामी आलं, 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेलाही दिला, म्हणजे एकाच घरात दोन्ही. 1970 ला नागपुरात सीएनआय झालं तेव्हा बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही त्यात आले, त्यामुळे तिथे बाळाचा आणि मोठेपणीचा दोन्ही चालतात, पाळकांना सरळ विचारा, बाळाचं नुसतं अर्पण, म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय फक्त प्रार्थना करून देवाच्या हाती सोपवणं, करून घ्यायची सोयही विचारा. आणि गॉडफादर ठरवताना तर्तुलियनचा तो मुद्दा परत एकदा वाचा, नुसता फोटोपुरता मित्र उभा करू नका.