दोन कॉम्प्युटरांच्या प्रोसेसरची तुलना कशी करावी

‘आय७ आहे ना, मग आय५पेक्षा फास्टच असणार!’ इंटेलच्या प्रोसेसरांबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी वाद घालत नाही. प्रोसेसरचं पूर्ण नाव तेवढं विचारतो. तुलनेची सुरुवात तिथूनच होते.

पूर्ण नाव शोधा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजेच प्रोसेसरवर) क्लिक केलं की ग्राफच्या वर नाव दिसतं. मॅकवर अ‍ॅपलच्या मेनूत ‘अबाउट धिस मॅक’ बघा. नवीन मशीनच्या जाहिरातीत नुसतं ‘कोअर आय७’ लिहिलं असेल, तर काहीच सांगितलेलं नाही असं समजा.

आता ते नाव नीट वाचा. सगळी गंमत इथेच आहे. इंटेलचे २०२२ मधले दोन लॅपटॉप प्रोसेसर घ्या: कोअर आय७-१२५५यू आणि कोअर आय५-१२५००एच. दोन्ही बाराव्या पिढीचे. आय७मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), त्यातले दमदार फक्त २, बाकीचे ८ वीज वाचवणारे. आय५मध्ये १२ कोअर आणि दमदार ४. शेवटचं अक्षर तर आणखी बोलकं आहे. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, मूळ मर्यादा १५ वॅट. ‘एच’ची ४५ वॅट. व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला, बसलात तर हा आय५ त्या आय७ला सहज मागे टाकतो. बॅटरी जास्त टिकवायची असेल तर मात्र ‘यू’च बरा.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या नावांत वेगळीच मेख आहे. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७६४०यू शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. पण पहिल्याचा गाभा झेन २, म्हणजे २०१९ मधली रचना, आणि दुसऱ्याचा झेन ४. या मालिकेत रचना ओळखायची ती तिसऱ्या आकड्यावरून. पहिला ७ बघून फसू नका.

गिगाहर्ट्झची तुलना एकाच रचनेच्या प्रोसेसरांत करा. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं, ते त्यात कळत नाही. पेंटियम ४ हा २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला होता. २००६ मध्ये आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला आरामात हरवलं.

तुमचं काम किती कोअर वापरतं, ते बघा. टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा आणि नेहमीचं काम सुरू करा. सगळे चौकोन भरले, तर जास्त कोअरचा फायदा होईल. एकदोनच भरून बाकीचे निवांत पडले असतील, तर १६ कोअरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. अशा वेळी एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

मशीनचा प्रकार लक्षात घ्या. माझ्या एका बारीक लॅपटॉपवर व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पहिली तीनेक मिनिटं काम झपाट्याने होई, मग पंखा घोंघावायला लागे आणि वेग बसे. प्रोसेसर ठीक होता, उष्णता बाहेर टाकायला जागाच नव्हती. डेस्कटॉपमध्ये हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोठा आणि वीजही भरपूर, म्हणून तो तासभर तोच वेग धरून ठेवतो. २०२० च्या मॅकबुक एअर आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये एकच एम१ चिप मिळत होती. एअरला पंखा नव्हता, प्रोला होता. छोट्या कामांत दोघं जवळपास सारखे, लांबलचक कामात प्रो पुढे. टॅबलेट आणि बिनपंख्याच्या मिनी पीसीलाही हाच हिशेब लावा.

मग बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे गुण, बघा. गीकबेंचमध्ये सिंगल-कोअर आणि मल्टी-कोअर असे दोन गुण मिळतात; ब्राउझिंग, ऑफिसची कामं यांसाठी पहिला, रेंडरिंगसाठी दुसरा. गीकबेंच ५ चे गुण गीकबेंच ६ च्या गुणांशी जुळवू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. दम किती टिकतो हे बघायला सिनेबेंच आर२३ या दुसऱ्या चाचणी-प्रोग्रामची दहा मिनिटांची चाचणी चांगली. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटचा आकडा दोन्ही लिहून ठेवा. फरक मोठा असेल, तर मशीन तापून मंदावतंय.

शेवटी तुमचीच एक फाइल घ्या. तीच स्प्रेडशीट किंवा तोच व्हिडिओ दोन्ही मशीनवर चालवा आणि फोनच्या स्टॉपवॉचने वेळ मोजा. एकदा चार्जर लावून, एकदा बॅटरीवर. बरेच लॅपटॉप चार्जर काढताच वेग कमी करतात. आणि मोजण्याआधी एक खात्री करा: एकात एसएसडी आणि दुसऱ्यात जुनी हार्ड डिस्क असेल, तर फाइल उघडायला लागलेल्या वेळेचा दोष प्रोसेसरला देऊ नका.