इंटरनेट कंपनीला आपले ब्राउझिंग दिसू नये यासाठी डीएनएस नीट कसे बदलावे

‘राउटरमध्ये ८.८.८.८ टाका, म्हणजे कंपनीला काही दिसणार नाही’ हा सल्ला नागपुरात फायबर जोडायला येणाऱ्या मुलापासून कॉलनीतल्या जाणकारांपर्यंत सगळेच देतात. ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, आकडी पत्ता. मीही तो दोन वर्षे इमानेइतबारे पाळला आणि ती दोन्ही वर्षे फुकट गेली. ब्राउझरची गुप्त खिडकी उघडण्याचा सल्लाही त्याच जातीचा आहे. ती इतिहास ठेवत नाही, तो फक्त आपल्याच संगणकावर. १९०९ वर डीएनडी नोंदवल्याने जाहिरातींचे फोन आणि संदेश कमी होतात, पण त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.

मार्चमध्ये एकदा कूलर पाहिला आणि मेपर्यंत कूलरच्याच जाहिराती दिसत राहिल्या, तर तो प्रताप बहुधा जाहिरात कंपन्यांच्या कुकीजचा, म्हणजे त्यांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणांचा, असतो. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘थर्ड पार्टी कुकीज’ बंद कराव्यात. येथे प्रश्न आहे तो घरात येणाऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कंपनीचा. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून नेणाऱ्या जोडणीवर, असेल तर तिला आपण वाचलेले पान दिसत नाही, पण संकेतस्थळाचे नाव, वेळ आणि किती डेटा गेला हे दिसते. रात्री अकरा वाजता कर्करोग रुग्णालय आणि त्यानंतर दहा मिनिटांनी वैयक्तिक कर्ज देणारी कंपनी, एवढी दोन नावे पुरेशी बोलकी आहेत. ब्रिटनमध्ये बीटी या इंटरनेट कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये ग्राहकांना न सांगता फॉर्म नावाच्या जाहिरात यंत्रणेची चाचणी त्यांच्यावर घेतली होती. अमेरिकेत व्हेरायझन ही कंपनी मोबाइल ग्राहकांकडून संकेतस्थळांना जाणाऱ्या विनंत्यांमध्ये स्वतःचा ओळखक्रमांक घुसवत असे. त्याबद्दल २०१६ मध्ये तिला साडेतेरा लाख डॉलर भरावे लागले.

तो क्रमांक केवळ बिगर-एचटीटीपीएस वाहतुकीतच घुसवता येत असे, म्हणून पहिले काम म्हणजे ब्राउझरमध्ये ‘नेहमी सुरक्षित जोडणी वापरा’ हा पर्याय चालू करणे. दुसरे काम म्हणजे आपल्या इंटरनेट कंपनीच्या ॲपमध्ये ‘प्रमोशन’ किंवा ‘पार्टनर ऑफर्स’साठी दिलेली संमती काढून घेणे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे; ॲपमध्ये तशी सोय सापडली नाही, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

आता डीएनएस. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा १९८० च्या दशकात बांधली गेली, तेव्हा गुप्ततेचा विचार नव्हता. प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जातो. आपण ८.८.८.८ लिहितो तेव्हा पोस्टकार्डावरचा पत्ता तेवढा बदलतो, ते न्यायचे काम त्याच पोस्टमनकडे राहते. तो वाटेत मजकूर वाचू शकतो आणि मनात आणले तर पत्र परस्पर स्वतःच्याच कचेरीत वळवूही शकतो. म्हणून सर्व्हर बदलणे पुरेसे नाही, प्रश्न कुलूपबंद करून पाठवावा लागतो. डीएनएस ओव्हर टीएलएस हा त्यासाठीचा मानक २०१६ मध्ये आणि डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस २०१८ मध्ये आला.

ॲन्ड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. तेथे ‘ऑटोमॅटिक’वर समाधान मानू नये, कारण कुलूपबंद मार्ग मिळाला नाही तर फोन मुकाट्याने उघड्या मार्गाने जातो. कुलूपबंद डीएनएस देणाऱ्या सेवेचे नाव स्वतः टाकावे. मी ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’ वापरतो, अर्थात इंग्रजी अक्षरांत. रेल्वे स्थानकाच्या वाय-फायवर लॉगिनचे पान उघडले नाही, तर तेवढ्यापुरते ते बंद करावे.

खरी गोम संगणकावर आहे. विंडोज ११ मध्ये मी आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) समोर त्याच क्वाड९ चा पत्ता ९.९.९.९ लिहिला, ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू केले आणि निश्चिंत झालो. काही महिन्यांनी सहज गळतीची, म्हणजे आपल्या डीएनएस प्रश्नांना नेमके कोण उत्तर देते हे दाखवणारी, चाचणी घेतली, तर उत्तरे देणाऱ्यांच्या यादीत दोन ओळी माझ्याच इंटरनेट कंपनीच्या होत्या. मी सेटिंग पुसून पुन्हा भरले, राउटर चार वेळा बंद-चालू केला, शेवटी कंपनीच्या मुलाला बोलावले. त्याने राउटरचे दिवे पाहिले आणि म्हणाला, “सगळं बराबर चालून राह्यलं ना काका, मग कायले हात लावता?”

दोष त्याच्या दिव्यांत नव्हता. फायबर जोडणीवर घराला आयपीव्ही४ बरोबर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, सुद्धा अनेकदा मिळते आणि त्याचा डीएनएस पत्ता राउटर संगणकाला परस्पर कळवतो. मी पुढचे दार लावले होते आणि मागचे सताड उघडे होते. विंडोजच्या त्याच खिडकीत खाली आयपीव्ही६ चे वेगळे बटण आहे. ते चालू करून त्याच सेवेचा आयपीव्ही६ पत्ता तिच्या संकेतस्थळावरून नक्कल करून चिकटवावा, हाताने टंकू नये. तेथेही एचटीटीपीएसचा पर्याय चालू करावा आणि ‘फॉलबॅक टू प्लेनटेक्स्ट’ दोन्ही ठिकाणी बंद असल्याची खात्री करावी. ते चालू राहिले तर पहिल्या अडचणीला संगणक पुन्हा पोस्टकार्ड लिहू लागतो. आयपीव्ही६ पूर्णपणे बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. तो डोकेदुखीवर डोके कापण्याचा उपाय आहे.

क्रोममध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ आधीच चालू दिसते आणि तेथेच लोक फसतात, कारण त्यापुढे बहुधा ‘सध्याचा सेवा पुरवठादार’ निवडलेला असतो, म्हणजे ज्याच्यापासून लपायचे त्याच्याच हाती किल्ली. तेथे नाव घालून सेवा निवडावी.

राउटरच्या वाटेला मी आता जात नाही. कंपनीने दिलेल्या पेटीत कुलूपबंद डीएनएसची सोय बहुधा नसते आणि दूरस्थ नियंत्रणामुळे आपण केलेला बदल एखाद्या रात्री पुसलाही जातो. टीव्हीचे डीएनएस प्रश्न उघडे जातात, ते मी सोडून दिले आहे.

एवढे करूनही जोडणीच्या पहिल्या क्षणी संकेतस्थळाचे नाव बऱ्याचदा उघडे जाते. ते झाकणारी ‘एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो’ ही सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून आहे, पण समोरच्या संकेतस्थळानेही ती स्वीकारलेली असावी लागते. पूर्ण आडोसा हवा असेल तर व्हीपीएन (आपली सगळी वाहतूक कुलूपबंद करून स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) घ्यावे लागते, पण मग कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला सगळे दिसते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवण्यास सांगितले, तेव्हा काही नामवंत सेवांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएन तर घेऊच नये. त्यांचाही धंदा अनेकदा जाहिरातींचाच असतो.

शेवटी ‘डीएनएस लीक टेस्ट’ या संकेतस्थळावरची सविस्तर चाचणी चालवावी. यादीत आपल्या इंटरनेट कंपनीचे नाव एकदाही येता कामा नये. ही चाचणी घरच्या वाय-फायवर आणि मोबाइल डेटावर वेगवेगळी घ्यावी, आणि राउटर बदलून मिळाला किंवा विंडोजचे मोठे अपडेट आले की त्याच दिवशी पुन्हा घ्यावी.