व्हिन्क्रिस्टीन चालू होतंय? बोटं, पावलं आणि पोट, तिन्हीकडे लक्ष ठेवा

दादाला लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला आणि आर-चॉप, म्हणजे पाच औषधांची एकत्र केमो, द्यायचं ठरलं तेव्हा केस जातील, मळमळेल, तोंड येईल हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. शर्टाचं बटण लावता येणार नाही हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर (तिला सायकल म्हणतात) एका सकाळी बघते तर तो गळ्याजवळच्या बटणाशी झगडतोय, बोटं बटणावर आहेत पण बोटांना बटण कळतच नाहीये, आणि विचारलं तर म्हणे काही नाही गं, झोप झाली नाही नीट. नंतर कळलं की हे तीन आठवडे चालू होतं आणि त्याने मुद्दाम लपवलं होतं, कारण त्याला भीती होती की सांगितलं तर डोस कमी करतील आणि आजार परत येईल. ज्यांच्या घरी व्हिन्क्रिस्टीन आत्ता चालू होणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आर-चॉपमधला 'ओ' म्हणजे ऑन्कोव्हिन, व्हिन्क्रिस्टीनचं जुनं ब्रँड नाव. औषध मूळचं सदाफुलीतून काढलेलं आहे, अमेरिकेत 1963 मध्ये मान्यता मिळाली. पेशी दोन होताना आतमध्ये जे बारीक धागे तयार होतात ते हे औषध जुळूच देत नाही, त्यामुळे कॅन्सरची पेशी तिथेच अडकते. पण तसेच धागे नसांच्या आतही असतात, पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत माल वाहून नेणारे, आणि जितकी नस लांब तितका त्रास आधी, म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून होते. (सदाफुलीची पानं चावून खा असं सांगणारे भेटतीलच. खाऊ नका. पानात कुठलं रसायन किती आहे याचं काही माप नसतं, आणि इथे तर डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात.)

आर-चॉपमध्ये नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 1.4 मिलिग्रॅम असतो, पण मोठ्या माणसाला बहुतेक ठिकाणी एका वेळी 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि सायकल साधारण 21 दिवसांची. मुख्यतः लिव्हरमधून हे औषध बाहेर पडतं त्यामुळे बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) वाढलेलं असेल तर डोस कमी करतात. पहिल्या डोसच्या आधी दोन गोष्टी स्वतःहून सांगा: आधीपासून नसांचा त्रास आहे का, जसा डायबेटीसमध्ये असतो, आणि घरात कुणाला शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा आनुवंशिक आजार आहे का. त्या आजारातल्या एका प्रकारात हे औषध देतच नाहीत.

आता सुईबद्दल. व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, असे अपघात जगात झालेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं की हे सिरिंजमध्ये भरू नका, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या. काही लिम्फोमात पाठीतून मेथोट्रेक्झेट हे कॅन्सरचं दुसरं औषधही देतात, तेव्हा दोन्ही एकाच वेळी एकाच टेबलावर येऊ नयेत. तुमच्या पेशंटला दोन्ही चालू असतील तर "आज पाठीतून काय आणि शिरेतून काय" हे दरवेळी विचारा, चांगली नर्स यावर कधीच चिडत नाही.

औषध चालू असताना सुईच्या जागी आग, चिमटा, सूज काहीही वाटलं तर त्याच सेकंदाला बोला, संपतच आलंय म्हणून गप्प बसू नका. हे शिरेबाहेर गेलं की कातडी आणि आतलं मांस जळतं. आणि शेक घरच्या घरी ठरवू नका, कारण व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर सांडलं तर गरम शेक देतात आणि त्याच दिवशी मिळणारं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, ते सांडलं तर थंड. उलटं केलं तर नुकसान वाढतं.

पोटाचं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आतड्याच्या नसाही मंदावतात, बद्धकोष्ठ होतं आणि ते डोसनंतर दोन-चार दिवसांत सुरू होतं. त्यात उलटी थांबवायची ऑन्डान्सेट्रॉन चालू असते, तीही पोट बांधते. म्हणून पोट अडल्यावर औषध शोधायचं नाही, पोट साफ होण्याचं औषध डोसच्या दिवसापासूनच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, पाणी भरपूर, आणि रोज संडास झाली की नाही हे वहीत लिहायचं, लाजायचं नाही. दोन-तीन दिवस काहीच नाही, पोट फुगलंय, गॅससुद्धा सरत नाही आणि उलट्या होतायत असं असेल तर आतडं थांबलेलं असू शकतं, थेट हॉस्पिटल गाठा. एनिमा किंवा खालून ठेवायची गोळी स्वतःच्या मनाने नको, पांढऱ्या पेशी कमी असतील तर तिथून इन्फेक्शन होऊ शकतं.

नसांसाठी आम्ही नंतर एक पद्धत लावली, ती तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा. आठवड्यातून एकदा चार गोष्टी करून बघायच्या: बटण लावणं, टेबलावरचं नाणं उचलणं, सही करणं आणि टाचांवर चार पावलं चालणं. नुसत्या मुंग्या असतील तर पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं, पण चप्पल पायातून निसटते, पाऊल चटईला अडकतं, जिना चढताना हाताचा आधार लागतो असं काही दिसलं तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना कळलंच पाहिजे. जबडा दुखणं, आवाज बसणं, पापणी खाली येणं, लघवी अडणं हेही याच नसांचं काम आहे, जबडा तर पहिल्याच डोसनंतर दुखू शकतो आणि लोक दाताच्या डॉक्टरकडे जातात. डोस कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही, बाकीची औषधं चालूच असतात. दादाला डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

बाकीच्या गोळ्यांकडेही बघा. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही बुरशीची औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठवून ठेवतात, नसांचा आणि पोटाचा त्रास एकदम वाढतो. फिटची फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगायचं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी नखाच्या बुरशीसाठी, तरी आधी "व्हिन्क्रिस्टीन चालू आहे" हे वाक्य.

केस जातात आणि परत येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याचा त्रास या औषधाचा कमी, पण सोबतच्या औषधांमुळे सात ते चौदा दिवसांच्या सुमारास त्या खाली जातात, तेव्हा ताप 38 सेल्सियस म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण फोन करायचा. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, खूप डोकेदुखी, झटका आला तर रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, तीही इमर्जन्सी. डोसनंतर दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश दोनदा करा. या काळात गर्भ राहू द्यायचा नाही, जिवंत लसी घ्यायच्या नाहीत.

आणि हे ऐकून ठेवा, शेवटचा डोस झाल्यावरही काही आठवडे बधिरपणा वाढू शकतो, आम्ही तेव्हा खूप घाबरलो होतो. मग तो हळूहळू उतरतो, महिने लागतात, काहींचा थोडा राहतो. दादाला बटणं लागायला आठ महिने गेले. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, म्हणून बूट घालायच्या आधी तो आत हात घालून खडा आहे का बघतो आणि आंघोळीचं पाणी पायाने नाही तर कोपराने तपासतो.