फॉर्मवर न लिहिलेली गोळी

पॅथॉलॉजीत एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका आजींची बायोप्सी माझ्याकडे आली. हातावर बरी न होणारी जखम, फॉर्मवर एवढंच. स्लाइडवर मोठाल्या बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), काही तर थेट हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगात दिसतात तशा. सीडी20 आणि सीडी30 या पेशींवरच्या खुणा दोन्ही पॉझिटिव्ह. मी ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’, म्हणजे बी-पेशींचा आक्रमक कर्करोग, असं लिहून रिपोर्ट मॅडमपुढे ठेवला.

त्यांनी स्लाइड पाहिली आणि विचारलं, “आजी गोळ्या कुठल्या घेतात गं?”

वॉर्डात फोन केला. संधिवातासाठी कित्येक वर्षं मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, म्हणून आजींनी ती औषधांत धरलीच नव्हती.

मग ईबर केलं, म्हणजे ऊतकातच विषाणू शोधणारी चाचणी. जवळजवळ प्रत्येक मोठ्या पेशीचं केंद्रक रंगलेलं. एबस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही). जखम एकच, कडा आखीव, गाठी कुठेच नाहीत, हे पुन्हा विचारून घेतलं आणि निदान बदललं: ईबीव्ही म्युकोक्युटेनियस अल्सर, म्हणजे या विषाणूमुळे त्वचेवर किंवा तोंडासारख्या आतल्या अस्तरावर होणारी जखम. 2010 मध्ये हा आजार वेगळा मांडला गेला. औषधाने किंवा वयाने प्रतिकारशक्ती उतरली की अंगात गप्प बसलेला विषाणू बी-पेशींना वाढवत सुटतो. औषध थांबवलं की जखम बऱ्याचदा आपोआप भरते. आजींची भरली. माझा पहिला रिपोर्ट गेला असता तर त्यांना केमो लागली असती, हे आठवलं की आजही धस्स होतं.

नव्याने येणाऱ्यांनो, या विषाणूसाठी रक्तातल्या अँटिबॉडीवर विसंबू नका. जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. तो त्या जखमेतल्या पेशींतच दिसायला हवा. ईबर विषाणूचा आरएनए शोधतं, त्यामुळे ऊतक फॉर्मेलिनमध्ये नीट ठेवलेलं नसेल तर खोटं निगेटिव्ह येतं. ऊतकातला आरएनए शाबूत आहे हे दाखवणारा कंट्रोल पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही.

एचटीएलव्ही-1 या दुसऱ्या विषाणूचं गणित उलटं आहे. नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांत तो जास्त आढळतो. त्याच्यामुळे होणारा टी-सेल लिम्फोमा त्वचेवर हुबेहूब मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमासारखा दिसू शकतो. तिथे आधी रक्तातली अँटिबॉडीच तपासायची आणि रक्ताच्या स्मिअरमध्ये पाकळ्या-पाकळ्यांच्या केंद्रकाच्या ‘फ्लॉवर’ पेशी शोधायच्या. हा विषाणू आईच्या दुधातून बाळाकडे जातो आणि आजार उगवतो तो कित्येक दशकांनी. म्हणून रुग्णाचं गाव विचारताना त्याच्या आईचंही विचारायचं.