अंधारबन: पिंपरीहून कुंडलिकेच्या दरीच्या काठापर्यंत

ताम्हिणी परिसरातील पिंपरी गावापासून रायगड जिल्ह्यातील भिऱ्यापर्यंत उतरणारी अंधारबनाची वाट सुमारे १३ किलोमीटरची आहे. बहुतेक गट ती एका दिवसात उतरून टाकतात. माझे मत थोडे वेगळे आहे: पहिल्यांदा जाणाऱ्याने, आणि लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर निश्चितच, पूर्ण वाट न उतरता रानातून कुंडलिका नदीच्या दरीच्या काठापर्यंत जावे आणि आल्या वाटेने पिंपरीला परतावे. दरीचे खरे रूप वरच्या टप्प्यातच दिसते. हिर्डी गावानंतरच्या उतारावर लक्ष बहुतांशी स्वतःच्या पावलांकडेच राहते.

पुण्याहून पौड, मुळशी आणि ताम्हिणी या मार्गाने येऊन निवे गावाच्या पुढे लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला वळावे. मुंबईकरांना लोणावळा, आंबवणे, भांबर्डे हा मार्ग सोयीचा पडतो. सार्वजनिक वाहनांवर विसंबून हा बेत आखू नये. पुण्याकडून येताना बराच वेळ सोबत करणारे पाणी मुळशी जलाशयाचे आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे खाली सोडलेले हे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज निर्माण करते आणि पुढे कुंडलिकेला मिळते.

आता हंगामाविषयी. जुलै-ऑगस्टमधील रविवार कटाक्षाने टाळावा. ताम्हिणीत किती पाऊस पडतो याची कल्पना नसल्यामुळेच लोक फसतात. जुलै २०२४ मध्ये येथे २४ तासांत ५५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. अशा काळात प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाईआदेश काढते आणि वनखातेही वाट बंद ठेवते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वाट खुली आहे की नाही याची चौकशी करावी. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो, कारण तेव्हा ओढे वाहते असतात, पण माजलेले नसतात, आणि ढग हटल्यावर दरी तळापर्यंत दिसते. उन्हाळ्यात रानात सावली मिळते, मात्र पाण्याचे स्रोत आटलेले असतात. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे.

सकाळी आठच्या आत चालायला लागावे. वनखात्याकडे नोंद करून, जे शुल्क असेल ते भरून पुढे जावे आणि गावातील एखादा वाटाड्या अवश्य घ्यावा. पिंपरीच्या तलावाच्या बाजूने वाट निघते आणि थोड्याच वेळात झाडी इतकी दाटते की भर सकाळीही उजेड हिरवट, मंद होतो. जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे माथे वर एकमेकांत गुंतलेले असतात आणि खाली शेवाळलेले दगड व कुजका पाला असतो. येथे घाई केल्यास घसरगुंडी ठरलेली आहे. पाऊल दगडाच्या टोकावर न टाकता दोन दगडांमधील मातीत टाकावे. पावसाळ्यात जळवांसाठी मोजे पायजम्यावर ओढून घ्यावेत. जळू चिकटलीच तर ओढून न काढता तिच्या तोंडापाशी नख सरकवून सोडवावी किंवा मिठाची चिमूट लावावी.

या वाटेवरचा खरा धोका ओढ्यांचा आहे. वाट अनेक ओढे ओलांडते आणि त्यांतील काही पुढे थोड्याच अंतरावर कड्यावरून थेट दरीत कोसळतात, त्यामुळे पाय सुटलेल्या माणसाला सावरायला जागाच उरत नाही. ओलांडण्यापूर्वी दोन-चार मिनिटे थांबून पाणी पाहावे. स्वच्छ पाण्याखाली दगड दिसत असतील आणि पाणी पोटरीच्या खाली असेल, तर एकेकाने, काठी टेकत, पाणी ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून सावकाश पलीकडे जावे. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. पाणी गढूळ झाले, त्यातून पाला-काटक्या येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर वर कोठेतरी जोराचा पाऊस झाला आहे असे समजावे, डोक्यावर ऊन असले तरीही. काठावर पाण्याच्या रेषेत एक खुणेचा दगड ठेवावा. पाच मिनिटांत तो बुडाला तर तेथूनच मागे फिरावे. आपल्याला परतताना हेच ओढे पुन्हा ओलांडायचे आहेत, हे विसरून पुढे रेटणारे गट दर पावसाळ्यात पलीकडे अडकतात.

रान विरळ होऊन वाट उघड्यावर आली की समोर कुंडलिकेची दरी दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याचे थर समोरच्या कड्यांवर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात, आणि त्या पट्ट्यांच्या पायऱ्यांवरून पाणी टप्प्याटप्प्याने उतरते. वारा कोकणातून वर चढत असेल तर बारीक धबधब्यांचे तुषार उलटे वर फेकले जातात. हवा स्वच्छ असल्यास दूर खाली भिऱ्याचा जलाशयही दिसतो. धुक्याने दरी भरली असेल तर निराश होऊन लगेच निघू नये. अर्धा तास बसावे, वाऱ्याच्या एका झोतात पडदा फाटतो.

मात्र काठ जवळून पाहण्याचा मोह आवरावा. गवत कड्याच्या कडेपलीकडे लोंबलेले असते, त्यामुळे जमीन कोठे संपते ते वरून कळत नाही, आणि सुटे झालेले दगड वजन पडताच निखळतात. कडेपासून दोन मीटर मागे राहावे. छायाचित्रासाठी पाठमोरे सरकणे तर पूर्ण वर्ज्य समजावे.

दुपारी एकच्या सुमारास परत फिरावे, कारण दाट झाडीत संध्याकाळ लवकर होते आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी. ज्यांना भिऱ्यापर्यंत उतरायचेच असेल, त्यांनी खालच्या बाजूस वाहन आधीच ठरवून ठेवावे आणि हिर्डीत दुपारी बाराच्या आत पोहोचता आले नाही तर तो बेत सोडून पिंपरीची वाट धरावी.